जुन्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर: आधी परवाना, मग सेटअप

अभियांत्रिकी कार्यालयात, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्याच्या देखभाल विभागात एखादा संगणक असा असतोच, की ज्याला कोणी हात लावू नये म्हणून सगळ्यांना बजावून ठेवलेले असते. त्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असते, आणि एखादे असे तांत्रिक सॉफ्टवेअर असते, की ज्याच्या नेमक्या त्याच आवृत्तीत जुन्या प्रकल्पांच्या फायली नीट उघडतात. तो संगणक बंद पडला की कपाटातून सीडी शोधून काढली जाते, नव्या संगणकावर सेटअप चालवला जातो, तो बहुधा पूर्णही होतो, आणि सॉफ्टवेअर उघडताच परवाना सापडत नसल्याचा संदेश येऊन काम अडते. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था पाहताना मी हे अनेकदा अनुभवले आहे. सेटअपच्या अडचणींवर काही ना काही उपाय निघतो. परवान्याचे काम मात्र जुना संगणक चालू असतानाच उरकून घ्यावे लागते, हे मी त्यातून शिकलो. म्हणून येथे आधी परवान्याचा आणि नंतर सेटअपचा विचार केला आहे. उदाहरणे मुख्यतः फ्लेक्सएलएम या परवाना-व्यवस्थेची आहेत, जिला पुढे फ्लेक्सनेट हे नाव मिळाले. गणिती आकडेमोडीचे मॅटलॅब, ऑटोकॅडचे नेटवर्क परवाने, म्हणजे एका सर्व्हरवरून अनेक संगणकांना मिळणारे परवाने, आणि आरेखन व विश्लेषणाची इतर कितीतरी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे तिच्यावरच चालत आली आहेत.

जुनी आवृत्ती खरोखरच हवी आहे का?

हा प्रश्न प्रथम विचारावा, कारण पुष्कळदा हवी असते ती जुनी फाइल किंवा जुन्या स्वरूपातली फाइल. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी या आरेखन-फाइलचे स्वरूप दरवर्षी बदलत नाही; २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ अशा टप्प्यांनी ते बदलत गेले. एखाद्या ठेकेदाराकडे ऑटोकॅड २००८ असेल, तर नव्या ऑटोकॅडमधून फाइल २००७ च्या स्वरूपात जतन करून दिली की त्याचे काम भागते, आणि ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कच्याच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू या मोफत साधनाने असे रूपांतर ऑटोकॅडशिवायही करता येते. मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंक या मॉडेल तयार करण्याच्या साधनातही मॉडेल आधीच्या आवृत्तीसाठी निर्यात करण्याची सोय आहे. जुन्या आवृत्तीचा हट्ट तेव्हाच धरावा, जेव्हा एखादे यंत्र किंवा उपकरण तिच्याशीच बोलते, जुन्या मॅक्रो, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, नव्या आवृत्तीत चालत नाहीत, किंवा आधीचे निष्कर्ष जसेच्या तसे पुन्हा काढून दाखवावे लागतात. शेवटचे कारण संशोधकांसाठी फार महत्त्वाचे आहे, आणि त्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही असे मला वाटते.

हक्क आहे की नाही, हे कागदावर पाहा

आवृत्ती विकत घेतली होती एवढ्यावर ती आज वापरण्याचा हक्क ठरत नाही. परवाना कोणत्या प्रकारचा होता यावर तो ठरतो. कायमस्वरूपी परवाना असेल, तर देखभाल-करार संपला तरी त्या काळापर्यंतच्या आवृत्त्या सहसा वापरता येतात. मॅटलॅबच्या कायमस्वरूपी परवान्याचे असेच आहे, आणि देखभाल-करार चालू असलेल्यांना कंपनीच्या खात्यातून जुन्या आवृत्त्या उतरवूनही घेता येतात. वर्गणीच्या परवान्यात मात्र वर्गणी थांबली की हक्कही थांबतो. ऑटोडेस्कने ३१ जानेवारी २०१६ नंतर आपल्या बहुतेक स्वतंत्र उत्पादनांचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. वर्गणीदारांना चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या तीन आवृत्त्या एवढ्याच वापरण्याची मुभा आहे, त्यामुळे ‘आमची वर्गणी आहे, म्हणून आम्ही २०१० चे ऑटोकॅड टाकू’ असे म्हणता येत नाही. याउलट, ज्यांच्याकडे त्याच २०१० च्या आवृत्तीचा जुना कायमस्वरूपी परवाना आहे, त्यांनी त्याचे बिल, अनुक्रमांक आणि करारपत्र सोन्यासारखे जपावे.

‘कंपनीने विकणे बंद केले, म्हणजे आता ते फुकट’ हा समज मी फार ठिकाणी ऐकला आहे, आणि तो चुकीचा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्ये मोडतात, आणि विक्री थांबल्यामुळे त्यांवरचा हक्क संपत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ मधील पोटकलम (१)(एए) मात्र आपल्या बाजूचे आहे: प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी, तसेच हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून संरक्षण म्हणून तिची राखीव प्रत काढता येते. जुन्या सीडीची प्रतिमा-फाइल, म्हणजे संपूर्ण सीडीची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, करून ठेवताना याच तरतुदीचा आधार असतो. दुसरीकडे, कलम ६३ बी प्रमाणे प्रोग्रॅमची बेकायदेशीर प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ ए हे हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण-यंत्रणा तोडण्याविषयी आहे. परवाना तोडणाऱ्या तयार फायलींचा मार्ग म्हणूनच या लेखात नाही. शिवाय अशा फायलींमधून व्हायरस शिरतात, आणि तेही नेमके ज्या संगणकाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले आहे त्याच संगणकात.

जुना संगणक चालू असतानाच काय काय टिपून घ्यावे

सर्वांत आधी परवान्याची फाइल शोधावी. फ्लेक्सएलएमची ही फाइल साध्या मजकुराची असते आणि नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. तिच्यात तीन प्रकारच्या ओळी महत्त्वाच्या असतात. ‘सर्व्हर’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत सर्व्हरचे नाव, त्याचा यंत्र-ओळख क्रमांक आणि पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून त्याच्याशी जोडण्याच्या दाराचा क्रमांक, असतो. ‘व्हेंडर’ या ओळीत, जिला जुन्या फायलींमध्ये ‘डेमन’ म्हटलेले असते, कंपनीच्या स्वतःच्या परवाना-प्रोग्रॅमचे नाव असते. आणि ‘फीचर’ किंवा ‘इन्क्रिमेंट’ या ओळींमध्ये प्रत्येक घटकाचे नाव, आवृत्ती, मुदत, एका वेळी चालणाऱ्या प्रतींची संख्या आणि शेवटी एक सांकेतिक स्वाक्षरी असते. एकाच संगणकापुरत्या परवान्यात पहिल्या दोन ओळी नसतात, आणि ओळख क्रमांक ‘फीचर’च्या ओळीतच येतो. कायमस्वरूपी परवान्यात मुदतीच्या जागी ‘पर्मनंट’ लिहिलेले असते किंवा वर्षाच्या जागी शून्ये असतात. शून्ये पाहून मुदत संपली असे समजून फाइल टाकून दिल्याचे एक उदाहरण मी पाहिले आहे. प्रत्यक्षात त्या शून्यांचा अर्थ परवाना कायमचा आहे असा होतो. आवृत्तीचा आकडा ही वरची मर्यादा असते, म्हणून तेवढ्या किंवा त्याहून जुन्या आवृत्तीला ती ओळ चालते. जुनी आवृत्ती टाकणाऱ्याच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे.

ओळख क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे. तो बारा अंक-अक्षरांचा असेल, तर तो बहुधा नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक, असतो; आठ अंक-अक्षरांचा असेल, तर तो हार्ड डिस्कच्या विभागाचा क्रमांक असतो, जो डिस्क नव्याने फॉरमॅट केली की बदलतो; आणि ‘फ्लेक्सआयडी’ने सुरू होत असेल, तर परवाना डोंगलला, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या कुलूप-उपकरणाला, बांधलेला असतो. आमच्याकडे एका संगणकाचा मदरबोर्ड बदलला गेला, त्याच्याबरोबर त्यावरचे नेटवर्क कार्डही गेले, आणि दुसऱ्या दिवशी चालू स्थितीतले सॉफ्टवेअर उघडेना. विक्रेत्याने नव्या क्रमांकाची फाइल देण्याची तयारी दाखवली, पण खरेदीचा पुरावा मागितला, आणि ते जुने बिल लेखा विभागाच्या गठ्ठ्यांमधून मिळायला तीन आठवडे गेले. विद्यार्थ्यांचे प्रकल्प सादर करण्याचे ते दिवस होते. तेव्हापासून परवान्याची फाइल, तिची छापील प्रत, बिल, अनुक्रमांक आणि ओळख क्रमांक हे सगळे मी एकाच पाकिटात ठेवतो आणि पाकिटावर संगणकाचा साठा-क्रमांक लिहितो.

याशिवाय सीडींची प्रतिमा-फाइल करून घ्यावी, कारण स्वतः लिहिलेल्या सीडी विशेषतः लवकर वाचेनाशा होतात. सर्व्हिस पॅक आणि लहान दुरुस्त्यांच्या फायलीही जपाव्यात. मूळ सेटअप मिळतो, पण त्या दुरुस्त्या नंतर कोठेच मिळत नाहीत. सॉफ्टवेअरमधील ‘अबाउट’च्या चौकटीचा फोटो काढावा, म्हणजे नेमकी आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक हाताशी राहतो. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा ठसा-क्रमांक, विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने काढून एका यादीत लिहावी. पुढे कधी प्रतीबद्दल शंका आली, तर ही यादीच खात्री देते.

परवाना हलवायचा असेल, तर कंपनीकडून तो जुन्या यंत्रावरून सोडवून नव्या यंत्राला बांधून घ्यावा. ऑनलाइन सक्रिय होणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या यंत्रावर तो आधी निष्क्रिय करावा लागतो, आणि हेच पाऊल लोक विसरतात. मॅटलॅबमध्ये सक्रिय करण्याची पद्धत आर२००८ए पासून आली. त्याआधीच्या आवृत्त्यांना पीएलपी नावाची परवान्याची मजकूर-फाइल सेटअपमध्ये द्यावी लागत असे. त्यामुळे तेथे जपायची वस्तू आवृत्तीप्रमाणे वेगळी आहे.

घर कोणते द्यावे: नवा संगणक की व्हर्च्युअल मशीन

विंडोज १० किंवा ११ वर थेट टाकून पाहायला हरकत नाही, पण सॉफ्टवेअर २०१० च्या आधीचे असेल, तर मी सरळ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, तयार करतो. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये त्या काळची विंडोज टाकली, की सॉफ्टवेअरला त्याच्या ओळखीचे वातावरण मिळते, आणि संपूर्ण मशीन हे एक फोल्डर असल्याने ते उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येते. एक्सपीसाठी डिस्कचा नियंत्रक आयडीई या जुन्या प्रकारचा निवडावा, कारण साटा या नव्या प्रकाराचे ड्रायव्हर एक्सपीच्या मूळ सीडीत नसतात. डिस्क मुद्दाम लहान ठेवावी. काही जुने सेटअप मोठी मोकळी जागा मोजताना चुकतात आणि शेकडो जीबी मोकळे असूनही जागा अपुरी असल्याचे सांगतात.

आतल्या विंडोजलाही वेगळा परवाना लागतो, हे लक्षात ठेवावे. संगणकासोबत आलेली ओईएम विंडोज त्या संगणकाशी बांधलेली असते. ती काढून व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकता येत नाही, तर दुकानातून स्वतंत्र घेतलेली प्रत हलवता येते. सॉफ्टवेअरच्या करारातही व्हर्च्युअल मशीनवर वापरायला मनाई आहे का, ते पाहून घ्यावे.

मॅक पत्त्याचा मुद्दा येथे पुन्हा येतो. व्हर्च्युअल मशीनचा मॅक पत्ता हवा तसा लिहिता येतो, आणि म्हणूनच जुन्या संगणकाचा पत्ता त्यात भरण्याचा मोह होतो. कंपनीला विचारल्याशिवाय तसे करू नये. व्हर्च्युअल मशीनला मिळालेला पत्ता कळवून त्याच्या नावाने परवाना मागावा. तो मिळाल्यावर मशीन हलवताना व्हर्च्युअलबॉक्स नवे मॅक पत्ते तयार करायचे का असे विचारतो, तेव्हा जुनेच पत्ते राखण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर हातात आलेला परवाना पुन्हा जाईल. मशीन हलवल्यावर मूळ जागची प्रत चालवू नये, कारण एका परवान्यावर दोन ठिकाणी काम करण्याचा हक्क आपल्याकडे नसतो.

सेटअपच्या वाटेतले खड्डे

६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत. पुष्कळ जुन्या सॉफ्टवेअरचा गाभा ३२ बिटचा असला, तरी त्यांचा सेटअप १६ बिटचा असतो, आणि सीडी घातल्यावर काहीच घडत नाही त्यामागे बहुधा हे कारण असते. टर्बो सी++ शिकवणाऱ्या आपल्याकडच्या महाविद्यालयांना ६४ बिट विंडोज ७ आल्यावर हाच अनुभव आला होता, आणि तेव्हा डॉसचे वातावरण उभे करणारा डॉसबॉक्स कामी आला. विंडोजच्या सॉफ्टवेअरसाठी मात्र ३२ बिट विंडोज असलेले व्हर्च्युअल मशीन हाच सरळ मार्ग आहे.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या साहाय्यक घटकसंचाची २.० किंवा ३.५ आवृत्ती मागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज १० मध्ये वेगळी फाइल शोधावी लागत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोजच्या सुविधा चालू-बंद करण्याच्या यादीत ३.५ निवडले की २.०, ३.० आणि ३.५ या तिन्ही जुन्या आवृत्त्या मिळतात. व्हिज्युअल सी++ ची २००५, २००८ आणि २०१० ही जुनी रनटाइम पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणारे घटक, एकमेकांची जागा घेत नाहीत, म्हणून सेटअप ज्या वर्षाचे मागेल तेच द्यावे.

सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये न टाकता सी ड्राइव्हवर लहान, मोकळी जागा नसलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकावे. व्हिस्टाच्या आधीची कितीतरी सॉफ्टवेअर आपल्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात, आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये नव्या विंडोज त्यांना तसे लिहू देत नाहीत. विंडोजमधील वापरकर्त्याचे नावही रोमन लिपीत ठेवावे. देवनागरीत नाव असलेल्या खात्यातून जुना सेटअप चालवला, की त्याच्या तात्पुरत्या फायलींचा मार्ग देवनागरीत तयार होतो आणि सेटअप मध्येच कोलमडतो. संदेशात मात्र याचा उल्लेखही नसतो. आपली भाषा संगणकावर सर्वत्र असावी असे मला मनापासून वाटते, पण या एका खात्यापुरती तडजोड करावी.

सेटअप संपल्यावर, परवाना घालण्यापूर्वी, मशीनचा स्नॅपशॉट, म्हणजे पुन्हा परतता येईल अशी त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्यावा.

परवाना-सर्व्हर उभा करणे

नेटवर्क परवान्यात दोन प्रोग्रॅम एकत्र चालतात: एलएमजीआरडी हा मुख्य व्यवस्थापक आणि त्याच्या हाताखाली कंपनीचा डेमन, म्हणजे तिचा स्वतःचा परवाना-प्रोग्रॅम, जो मॅटलॅबच्या बाबतीत एमएलएम नावाचा असतो. विंडोजवर एलएमटूल्स या साधनातून त्यांची सेवा तयार करावी. त्यात तीन गोष्टींचे मार्ग द्यावे लागतात, एलएमजीआरडीचा, परवान्याच्या फाइलचा आणि नोंदवहीच्या म्हणजे डीबग लॉगच्या फाइलचा. एलएमजीआरडीची आवृत्ती डेमनइतकी किंवा त्याहून नवी, आणि डेमनची आवृत्ती सॉफ्टवेअरमधल्या फ्लेक्सएलएमइतकी किंवा त्याहून नवी असली पाहिजे. त्यामुळे त्याच कंपनीचा आजचा सर्व्हर पुष्कळदा जुन्या आवृत्तीलाही परवाना देऊ शकतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरसाठी जुना सर्व्हर सांभाळण्याची गरज उरत नाही.

परवान्याच्या फाइलमध्ये आपल्याला सर्व्हरचे नाव, पोर्ट आणि डेमनचा मार्ग एवढेच बदलता येते. ओळख क्रमांक, मुदत किंवा संख्या यांना हात लावला की स्वाक्षरी जुळत नाही. पोर्ट दिला नसेल, तर एलएमजीआरडी २७००० ते २७००९ यांपैकी एक घेतो, पण डेमन दर वेळी कोणताही मोकळा पोर्ट घेतो. म्हणून ‘व्हेंडर’च्या ओळीतही एक निश्चित पोर्ट लिहावा आणि फायरवॉलमध्ये दोन्ही पोर्ट उघडावेत. सर्व्हरवर सगळे ठीक चालते आणि प्रयोगशाळेतल्या इतर संगणकांवर उणे १५ ची चूक येते, तेव्हा हा दुसरा पोर्टच बंद असल्याचे मला बहुतेक वेळा आढळले आहे.

चुकांचे आकडे लक्षात ठेवले, तर पुष्कळ वेळ वाचतो. उणे ९ म्हणजे ओळख क्रमांक या यंत्राचा नाही. एकाहून अधिक नेटवर्क कार्डे असतील, तर परवान्यातला क्रमांक नेमका कोणत्या कार्डाचा आहे ते पाहावे. उणे ८ म्हणजे स्वाक्षरी जुळत नाही. ई-मेलमधून आलेल्या फाइलच्या ओळी मध्येच तुटल्या असतील, तरी हेच होते. उणे ५ म्हणजे तो घटक परवान्यात नाहीच. उणे १० म्हणजे मुदत संपली, आणि उणे ४ म्हणजे सगळ्या प्रती वापरात आहेत. उणे ९७ आली, तर डेमन चालू नाही असे समजून डीबग लॉग वाचावा. कारण बहुधा तेथेच स्पष्ट लिहिलेले असते. उणे ८८ ही संगणकाचे घड्याळ मागे नेल्याची चूक आहे. मुदत संपलेला परवाना चालवण्यासाठी घड्याळ मागे करणारे लोक भेटतात. त्यांचा परवाना तर चालत नाहीच, शिवाय पुढच्या तारखा पडलेल्या फायलींमुळे चांगला परवानाही अडतो.

डोंगल आणि ऑनलाइन सक्रियता

जुन्या प्रिंटरच्या समांतर पोर्टचे डोंगल असेल, तर प्रथम विक्रेत्याकडे यूएसबी डोंगलची मागणी करावी, कारण नव्या संगणकांवर तो पोर्टच नसतो, आणि यूएसबीला जोडलेले प्रिंटर-केबलचे रूपांतरक बहुतेक डोंगलसाठी उपयोगी पडत नाहीत. यूएसबी डोंगल व्हर्च्युअल मशीनला जोडून देता येते. त्याचा ड्रायव्हर डोंगल लावण्यापूर्वी टाकावा, आणि ६४ बिट विंडोजला स्वाक्षरी असलेलाच ड्रायव्हर लागतो, म्हणून सीडीवरचा जुना ड्रायव्हर न वापरता डोंगल तयार करणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर घ्यावा.

ऑनलाइन सक्रिय करायचे असेल आणि आत एक्सपी असेल, तर थेट जोडणी बहुधा होणारच नाही, कारण आजचे सर्व्हर मागतात तो टीएलएसचा, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या पद्धतीचा, नवा प्रकार एक्सपीच्या मूळ व्यवस्थेत नाही. अशा वेळी सेटअपमधील ऑफलाइन मार्ग निवडून विनंती-क्रमांक टिपावा, नव्या संगणकावरून कंपनीच्या खात्यात तो भरावा आणि मिळालेली फाइल आत नेऊन द्यावी.

वापर सुरू झाल्यावर

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला. म्हणून अशा मशीनला इंटरनेट देऊ नये. त्याचे नेटवर्क फक्त यजमान संगणकापुरते, म्हणजे ते ज्या संगणकावर चालते त्याच्यापुरते, ठेवावे. परवाना-सर्व्हर दुसरीकडे असेल, तर फायरवॉलमध्ये त्याच्या दोन पोर्टपुरतीच वाट सोडावी. फायली आत नेण्यासाठी सामायिक फोल्डर ठेवावा, तो मशीनला केवळ वाचता येईल असा असावा, आणि बाहेर आणायच्या फायलींसाठी वेगळा फोल्डर असावा. पेन ड्राइव्ह थेट आत जोडण्याची परवानगी मी कोणालाही देत नाही.

सर्व जुळून आल्यावर मशीन बंद करून त्याचे संपूर्ण फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावे, आणि त्यांपैकी एक डिस्क दुसऱ्या इमारतीत ठेवावी. वर्षातून एकदा, प्रवेश सुरू होण्यापूर्वीच्या मोकळ्या आठवड्यात, नेहमीचे मशीन बंद ठेवून आम्ही ती प्रत उघडतो, एक जुना प्रकल्प त्यात चालवून पाहतो, मग ती बंद करतो आणि पाकिटावर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवतो.